एकाच खोडावरचा कोळी आणि शैवाक: येऊरच्या जंगलात तुलना कशी करावी

ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलात एखाद्या जुन्या आंब्याच्या किंवा कुसुंबाच्या खोडाकडे जवळून पाहिले, तर राखाडी, फिकट हिरवे आणि पांढुरके डाग एकमेकांत मिसळलेले दिसतात. त्यांतील बरेचसे डाग शैवाकांचे असतात. गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल ज्या गटातले, त्याच गटातले हे सजीव आहेत. एखादा डाग मात्र शैवाक नसून, खोडाला सपाट चिकटून डोके खाली करून बसलेला दुशेपटी कोळी असतो. एक प्राणी आणि एक कवक-शैवालांची जोडगोळी, असे हे दोन अगदी वेगळे सजीव एकाच सालीवर राहतात, जवळजवळ एकाच रंगाचे दिसतात आणि त्या झाडाकडून आसऱ्यापलीकडे काहीही घेत नाहीत. त्यांची तुलना हौशी निरीक्षकालाही करता येते. परंतु ती नीट व्हावी, यासाठी काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि मोजताना कोठे फसगत होते, हे आधी समजून घ्यावे लागते. ही फसगत मुख्यतः आपल्या डोळ्यांची असते. ज्या खोडावर शैवाक अधिक, तेथे कोळी कमी दिसतात. मात्र कमी दिसणे आणि कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या मार्गदर्शकातील बरीचशी खटपट त्यांना वेगळे करण्यासाठीच आहे.

जोडीची निवड

पावसाळ्याच्या उत्तरार्धात येऊरला जाणाऱ्या बहुतेकांच्या नजरेत प्रथम भरतो तो महाकाय कोळी, म्हणजे नेफिला पिलिपेस. त्याच्या मादीचे शरीरच तीन ते पाच सेंटीमीटर लांब असते, पाय पसरलेले धरले तर ती तळहाताहून मोठी भरते, आणि तिचे सोनेरी झाक असलेले जाळे दोन झाडांच्या मध्ये सहज मीटरभर पसरलेले असते. छायाचित्रासाठी हा कोळी उत्तम आहे, पण आपल्या कामासाठी नाही. तो झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत राहतो. सालीचा पोत, तिचा ओलावा किंवा तिच्यावरचे शैवाक यांच्याशी त्याचा संबंध फार दूरचा आहे. तुलना करायची तर दोघांची जागा एक असावी, म्हणून दुशेपटी कोळी निवडावा. भारतात सर्वत्र आढळणारी त्याची जात म्हणजे हर्सिलिया सॅव्हिग्नी. १८३६ साली वर्णन झालेली ही जात जंगलापुरती मर्यादित नाही. वसाहतींच्या आवारातील आंबा, नारळ, पिंपळ यांच्या खोडांवरही ती सापडते आणि ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडते.

शैवाकांच्या बाजूने दोन प्रकार घ्यावेत. पहिला ग्राफिस या प्रजातीचा (प्रजाती म्हणजे जवळच्या अनेक जातींचा गट): गुळगुळीत सालीवर पांढुरका पातळ थर आणि त्यावर कोणीतरी काळ्या शाईने गिरगोटा केल्यासारख्या बारीक, फाटे फुटलेल्या रेघा. या रेघा म्हणजे बीजाणू तयार होण्याच्या जागा. हा थर सालीत इतका मुरलेला असतो की साल न खरवडता तो वेगळा काढता येत नाही. दुसरा प्रकार पानासारख्या शैवाकांचा, ज्यांच्या कडा सालीपासून किंचित सुटलेल्या असतात आणि पाकळ्यांसारख्या दिसतात. झुडपासारखे लोंबणारे शैवाक अधिक थंड आणि धुकट डोंगरांवर भरभरून वाढतात. ठाण्याच्या उंचीवर त्यांच्या मागे लागण्यात वेळ घालवू नये.

येथे एक मूलभूत विषमता मान्य करावी लागते. कोळ्याची जात म्हणजे एका प्राण्याची जात. शैवाकाला दिलेले नाव मात्र प्रत्यक्षात त्यातील कवकाचे असते. त्या कवकाच्या धाग्यांमध्ये हिरवे शैवाल किंवा नीलहरित जीवाणू राहतात, प्रकाशसंश्लेषण करून अन्न तयार करतात, आणि कवक त्यांना निवारा व ओलावा देते. ही दुहेरी रचना स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस मांडली, तेव्हा अनेक नामवंत शैवाकतज्ज्ञांनी तिला कडाडून विरोध केला होता. ग्राफिसच्या बाबतीत आतील शैवाल बहुधा ट्रेंटेपोलिया या गटाचे असते. हेच शैवाल कोकणातल्या पावसाळ्यात खोडांवर आणि भिंतींवर एकटेही वाढते आणि नारिंगी-तांबूस मखमलीसारखे दिसते. त्या तांबूस थराला शैवाक समजून नोंद करू नये. तो जोडगोळीतला एकच गडी आहे.

जाण्यापूर्वीची तयारी

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात बिबट्यांचा वावर आहे, आणि प्रवेश वन खात्याच्या चौकीवर नोंद करून, ठरलेल्या वेळेतच मिळतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे राष्ट्रीय उद्यानातून प्राणी किंवा वनस्पती, त्यांचे भागसुद्धा, उचलून आणता येत नाहीत. शैवाकाचा तुकडा किंवा कोळ्याची रिकामी कात याला अपवाद आहे असे मानू नये. म्हणून जंगलातले सर्व काम डोळे, भिंग आणि कॅमेरा यांच्यावर भागवावे. हात लावून, खरवडून किंवा रसायने वापरून करायचे प्रयोग घरी करावेत.

सामान थोडेच लागते. दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग, एक छोटी टॉर्च, मिलिमीटरच्या खुणा असलेली फूटपट्टी, शिंप्याकडची मापाची टेप, होकायंत्र (मोबाईलमधले चालेल), पेन्सिल आणि पावसात न विरघळणाऱ्या कागदाची वही एवढे पुरते. यांशिवाय एक चौकट तयार करावी: जाड पारदर्शक प्लास्टिकचा १० सेंटीमीटर रुंद आणि ५० सेंटीमीटर लांब तुकडा घेऊन त्यावर कायम शाईच्या पेनने १० सेंटीमीटरचे पाच चौकोन आखावेत. अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. पावसाळ्यानंतर येऊरच्या वाटांवर खाजकुयलीच्या शेंगा वाळू लागतात आणि त्यांची कुसे वाऱ्यावरही अंगाला लागतात. आधारासाठी खोडाला हात टेकण्याची सवय मोडावी, कारण त्या खोडावर घोणस नसली तरी हिरवा चापडा हा विषारी साप असू शकतो, आणि बिब्ब्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात. दुशेपटी कोळ्यापासून मात्र माणसाला धोका नाही.

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात वाण्याकडून थोडेसे दगडफूल आणावे. पाकिटात सहसा पार्मोट्रेमा आणि तिच्या जवळच्या प्रजातींचे शैवाक मिसळलेले असतात, आणि बऱ्याचदा सालीचे कपचेही असतात. म्हणजे हे शैवाक झाडांवरून काढलेले आहेत याचा पुरावा पाकिटातच मिळतो. एक मोठा तुकडा कोमट पाण्यात पाच मिनिटे भिजवून पांढऱ्या बशीत पसरावा आणि भिंगाखाली पाहावा. वरची बाजू राखाडी, खालची मध्यभागी काळी आणि कडेला तपकिरी, त्या काळ्या भागातून निघालेले केसांसारखे धागे, आणि ब्लेडने आडवा छेद घेतल्यास मध्ये पांढरा कापसासारखा थर दिसेल. ते धागे मुळे नव्हेत. त्यांचे काम पकड घेण्याचे आहे. पाणी आणि क्षार शैवाक आपल्या सगळ्या पृष्ठभागातून घेते. पांढऱ्या थरावर कपडे धुण्याच्या ताज्या ब्लीचचा एक थेंब काडीने टेकवला, तर काही तुकडे लगेच लाल होतात आणि काही होत नाहीत. पार्मोट्रेमा टिंक्टोरम या जातीत लेकॅनोरिक आम्ल असल्यामुळे तेथे लाल रंग येतो. केवळ नजरेने एकसारखे दिसणारे तुकडे रसायनाने वेगळे पडतात, हे एकदा स्वतः पाहिले की जंगलात शैवाकाच्या जातीचे नाव घाईने लिहिण्याचा मोह आपोआप कमी होतो. प्रयोगाचे तुकडे फेकून द्यावेत, डब्यात परत टाकू नयेत.

खोडावर ओळख पटवणे

झाडापासून तीन-चार पावलांवर थांबून खोड वरपासून खालपर्यंत पाहावे. थेट जवळ गेल्यास कोळी खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकतो, आणि मग त्याच्यामागे गोल फिरत राहण्यात अर्थ नसतो, कारण या खेळात तोच वेगवान आहे. नजरेने शोधायचे ते रंगाला नव्हे, आकाराला. शैवाकाचा ठिपका मध्यापासून बाहेर वाढत जातो, म्हणून त्याची कड गोलसर पण अनियमित असते आणि शेजारच्या ठिपक्याला भिडली की तेथे एक गडद रेघ उमटते. कोळ्याचा आकार मात्र उजव्या-डाव्या बाजूंनी सारखा असतो. आठ ते दहा मिलिमीटरचे चपटे शरीर, त्याच्यापेक्षा पुष्कळ लांब आणि बारीक पाय, त्यांतील तिसरी जोडी ठळकपणे आखूड, आणि उदराच्या टोकाला दोन लांब शेपट्या. या शेपट्या म्हणजे रेशीम सोडणाऱ्या इंद्रियांची मागची जोडी; बहुतेक कोळ्यांत ही इंद्रिये आखूड बोंडांसारखी असतात, येथे ती जवळजवळ उदराइतकी लांब झालेली आहेत. शेपट्या दिसल्या की ओळख निश्चित.

दिसत नसल्यास टॉर्च खोडाला जवळजवळ समांतर धरून बाजूने प्रकाश टाकावा. समोरून टाकलेला प्रकाश, आणि मोबाईलचा फ्लॅश तर विशेषच, सगळे सपाट करून टाकतो. बाजूच्या प्रकाशात पायांच्या बारीक सावल्या पडतात. खोडाच्या एकाच भागाचे छायाचित्र एका मिनिटाच्या अंतराने दोनदा घेऊन ती दोन्ही पडद्यावर आळीपाळीने पाहावीत, हाही चांगला उपाय आहे. काडीने डिवचून किंवा फुंकर मारून खात्री करून घेऊ नये.

पाऊस थांबल्यावरचा पहिला अर्धा तास ओळखीसाठी सर्वांत सोयीचा असतो, आणि त्यामागचे कारण शैवाकाच्या रचनेत आहे. कोरड्या शैवाकाचा वरचा थर अपारदर्शक आणि राखाडी असतो. पाणी शोषल्यावर तो थर पारदर्शक होतो आणि आतील शैवालाचा हिरवा रंग वर दिसू लागतो. काही मिनिटांत सगळे खोड हिरवट होते. कोळ्याच्या रंगात असा काही बदल होत नाही. एप्रिल-मे महिन्यांतल्या कोरड्या दुपारी जो कोळी शैवाकात पुरता हरवलेला असतो, तो जुलैतल्या ओल्या खोडावर वेगळा उठून दिसतो. दोन ऋतूंतली मोजणी सरसकट एकत्र करू नये, याचे हे पहिले कारण.

फसवणारे इतरही आहेत. हेरेनिया मल्टिपंक्टा नावाचा कोळी खोडाला अगदी लगटून शिडीसारखे उभे जाळे विणतो आणि त्याच्या चपट्या, पांढुरक्या उदराच्या कडेला कंगोरे असल्यामुळे तो शैवाकाच्या ठिपक्यासारखाच दिसतो. मात्र त्याला शेपट्या नसतात आणि जाळे तिरप्या प्रकाशात चमकते. साल-खंडोबा, म्हणजे खोडावर राहणारे प्रार्थनाकीटक, आणि पंख पसरून बसलेले पतंगही चकवतात. तेथे पायांची संख्या मोजणे पुरेसे आहे. काही पतंगांच्या अळ्या आपल्या पिशवीवर शैवाकाचे कण चिकटवून फिरतात. असे चालणारे शैवाक दिसले तर त्याची वेगळी नोंद करावी, ती मोलाची असते.

पकड, पाणी आणि काळ

ओळख पटल्यावर तुलनेचा खरा भाग सुरू होतो. पहिला प्रश्न पकडीचा. ग्राफिसचे धागे सालीच्या बाहेरच्या मृत पेशींमध्ये शिरलेले असतात, त्यामुळे साल गळून पडली की शैवाकही गेले. म्हणूनच निलगिरीसारख्या साल सोडणाऱ्या झाडांवर ते फारसे टिकत नाहीत, आणि ऐनाच्या मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीवर भेगांच्या आत आणि बाहेर वेगवेगळे शैवाक दिसतात. कोळी सालीत शिरत नाही, सालीवर टेकतो. तो शिकारीसाठी जाळेही विणत नाही. मुंगी किंवा पतंग टप्प्यात आला की तो झेप घेऊन त्याच्याभोवती गोल गोल धावतो; धावताना शेपट्या सावजाच्या दिशेने वळलेल्या असतात आणि त्यांतून सुटणाऱ्या रेशमाच्या पट्ट्यांनी सावज सालीलाच बांधले जाते. चावा त्यानंतर. ज्या सालीला शैवाक आधार म्हणून वापरते, ती कोळ्याला सावज आवळण्याचा पाटा म्हणून उपयोगी पडते. हे दृश्य पाहायला मिळाले तर किती वेळा प्रदक्षिणा झाल्या आणि सावज कोणते होते, हे लिहून ठेवावे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. शैवाकाला पाणी राखून ठेवता येत नाही. हवा दमट असेल तर ते ओले, कोरडी असेल तर ते कोरडे. कोरडेपणात त्याचे सर्व व्यवहार थंडावतात आणि पाणी मिळताच काही मिनिटांत प्रकाशसंश्लेषण पुन्हा सुरू होते. कोळ्याला ही चैन परवडत नाही. त्याच्या पायांत सांधे सरळ करणारे स्नायू अपुरे असतात आणि पाय लांबवण्याचे काम शरीरातील द्रवाच्या दाबावर चालते, म्हणून शरीरातले पाणी फार कमी झाले तर तो धावूच शकत नाही. मेलेल्या कोळ्याचे पाय आत वळलेले दिसतात त्याचे कारण हेच. परिणामी कोळ्याच्या अंगावरील मेणचट आवरण पाणी आत कोंडून ठेवते, तर शैवाकाचा पृष्ठभाग ते आत-बाहेर जाऊ देतो. हा फरक आपल्या वसाहतीतल्या झाडावर सहज तपासता येतो: कोळी नसलेल्या जागी शैवाकावर पाण्याचा हलका फवारा मारावा आणि रंग बदलायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहावे. हाच प्रयोग मे आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत करून पाहण्यासारखा आहे.

तिसरा प्रश्न काळाचा, आणि नोंदीची पद्धत त्यावरच ठरते. सालीत मुरलेली शैवाके वर्षाकाठी बहुधा मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी वाढतात. पानासारखी थोडी जलद. म्हणून त्यांची नोंद वर्षातून एकदा, त्याच महिन्यात, फूटपट्टी शेजारी धरून काढलेल्या छायाचित्राने करावी. खिळा ठोकून किंवा रंग लावून खूण करू नये. झाडाचे स्थान, उंची आणि दिशा लिहिली की जागा पुन्हा सापडते. कोळी मात्र तासाभरात जागा बदलू शकतो, तेव्हा त्याच्या नोंदीत तारखेइतकीच वेळ महत्त्वाची. प्रजोत्पादनाची तुलना येथे दोन वाक्यांत आटोपता येते: मादी अंड्यांची पिशवी सालीला चिकटवते, शैवाकातील कवकाचे बीजाणू एकटेच वाऱ्यावर जातात आणि नव्या जागी त्यांना योग्य शैवाल गाठावे लागते, म्हणून अनेक जाती कवक आणि शैवाल दोन्ही असलेली बारीक भुकटी किंवा कणही सोडतात. भुकटीचे ठिपके भिंगाखाली पिठासारखे दिसतात, ते पाहून नोंद करावी.

मोजणी

सगळ्यात जास्त काळजी येथे घ्यावी. प्रश्न असा ठेवू: शैवाक अधिक असलेल्या खोडांवर दुशेपटी कोळी अधिक राहतात का?

झाडे निवडताना एकच जात घ्यावी, उदाहरणार्थ फक्त आंबा किंवा फक्त कुसुंब, कारण सालीचा पोत बदलला की दोघांचेही प्रमाण बदलते आणि मग कारण कोणते ते कळत नाही. खोड सरळ उभे, छातीच्या उंचीला घेर किमान ६० सेंटीमीटर. छान दिसणारी झाडे वेचून घेऊ नयेत. वाटेवरचे त्या जातीचे प्रत्येक तिसरे झाड घ्यायचे असे आधीच ठरवावे आणि मग ते झाड कितीही कंटाळवाणे असले तरी तेच घ्यावे. वीस झाडांपासून सुरुवात करावी.

शैवाकांसाठी चौकट वापरावी. तिची खालची कड जमिनीपासून एक मीटरवर येईल अशी ती खोडावर धरून, पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशा चारही बाजूंना, प्रत्येक चौकोनात कोणते प्रकार आहेत एवढेच लिहावे. किती टक्के भाग व्यापला आहे, हा अंदाज माणसागणिक बदलतो. आहे किंवा नाही, यात मतभेद कमी. एका झाडावर एकूण वीस चौकोन होतात, म्हणजे प्रत्येक प्रकाराला ० ते २० गुण मिळतात. युरोपात २०१४ साली प्रमाणित झालेल्या पद्धतीचा सांगाडा हाच आहे. चौकट टेकवण्याआधी त्या जागी कोळी नाही ना हे पाहावे, आणि म्हणूनच कोळ्यांची मोजणी नेहमी आधी, शैवाकांची नंतर.

कोळ्यांसाठी जमिनीपासून दोन मीटर उंचीपर्यंतचे खोड, ठराविक दहा मिनिटे, एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून फेरी घालून पाहावे. हे काम दोघांनी, एकमेकांना न सांगता करायचे आहे. पहिल्याने पाहून झाल्यावर तो दूर उभा राहतो, दुसरा तेच खोड पाहतो, आणि दोघेही आपापल्या वहीत प्रत्येक कोळ्याची उंची, दिशा आणि साधारण लांबी लिहितात. नंतर वह्या जुळवून दोघांनाही दिसलेले कोळी किती, हे काढावे. अर्ध्या मीटरच्या आत असलेला सारख्याच आकाराचा कोळी एकच धरावा. पहिल्याची संख्या गुणिले दुसऱ्याची संख्या, भागिले सामाईक संख्या, हा प्रत्यक्षात असलेल्या कोळ्यांचा अंदाज होय.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. शैवाकांनी भरलेल्या दहा झाडांवर मिळून पहिल्याला ८ कोळी दिसले, दुसऱ्याला ६, आणि त्यांपैकी ४ दोघांनाही दिसले. अंदाज येतो ८ गुणिले ६ भागिले ४, म्हणजे १२. जवळपास शैवाक नसलेल्या दहा झाडांवर पहिल्याला ९, दुसऱ्याला ८, आणि ते आठही पहिल्याच्या नऊमध्ये होते. येथे अंदाज ९. एकट्या पहिल्या निरीक्षकाच्या वहीवर विसंबलो असतो, तर ८ विरुद्ध ९ असे दिसून शैवाक नसलेली झाडे कोळ्यांना जास्त आवडतात असा निष्कर्ष निघाला असता; प्रत्यक्षात चित्र उलटे आहे. पहिल्या गटात एकमेकांचे न दिसलेले कोळी जास्त आहेत, आणि तेच लपण्याच्या यशाचे माप आहे. एकेका झाडासाठी हे गणित करू नये, आकडे फार लहान पडतात आणि सामाईक संख्या शून्य आली तर भागाकारच होत नाही. दहा-दहा झाडांचे गट करूनच करावे. एवढे करूनही जो कोळी दोघांनाही दिसणे जवळजवळ अशक्य व्हावे असा लपला आहे तो निसटतोच, म्हणून हा अंदाज किमान मानावा.

जंगल आणि शहर यांची तुलना करायची हौस असेल, तर ठाण्यातील तलावपाळीच्या किंवा आपल्या वसाहतीच्या आवारातील त्याच जातीची झाडे घ्यावीत. शहरातील अनेक खोडांना छातीपर्यंत गेरू आणि चुना फासलेला असतो. अशी झाडे वगळावीत, कारण तेथे शैवाक नसण्याचे कारण हवा नव्हे, चुना आहे. शैवाके हवेच्या प्रदूषणाची खूण देतात, हे शैवाकतज्ज्ञ विल्यम नायलँडर यांनी १८६६ साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील झाडांवरून दाखवले. पण सगळी शैवाके सारखी नाजूक नसतात. पिक्सिन कोकोस ही राखाडी, सालीला घट्ट बसणारी जात आपल्याकडील शहरांतल्या धुळीतही तग धरते, तेव्हा रस्त्याकडेच्या झाडावर भरपूर राखाडी ठिपके दिसले म्हणून हवा शुद्ध आहे असे म्हणता येत नाही. किती प्रकार आहेत, हे किती ठिपके आहेत याच्यापेक्षा अधिक सांगते. रात्रीची पाहणीही शहरातच शक्य आहे, कारण उद्यानात सूर्यास्तानंतर थांबता येत नाही.

आणखी एक गोष्ट वसाहतीत काम करताना उपयोगी पडते. खोडावरचे ठिपके हा झाडाला झालेला रोग आहे, असे समजून माळीबुवांकडून ते घासून काढले जातात. शैवाक झाडाचा रस घेत नाही, कोळी पाने खात नाही. सोसायटीच्या कार्यालयात हे आधी शांतपणे सांगितले, तर निवडलेली झाडे वर्षभर तरी जशीच्या तशी राहतात.

नाव आणि नोंद

वहीत प्रत्येक ओळीला तारीख, वेळ, झाडाची जात, घेर, दिशा, उंची, पाऊस पडून किती वेळ झाला, आणि खोड ओले की कोरडे, एवढे असावे. नावाच्या रकान्यात जेवढे निश्चित दिसले तेवढेच लिहावे. दोन शेपट्या आणि आखूड तिसरी जोडी दिसली, तर हर्सिलिया. सॅव्हिग्नी असे लिहायचे तर आधी ‘बहुधा’ हा शब्द जोडावा, कारण जवळच्या जाती प्रौढ कोळ्याच्या जननेंद्रियांच्या सूक्ष्म रचनेवरून वेगळ्या केल्या जातात. ग्राफिसच्या जाती बीजाणूंचा आकार आणि रासायनिक घटक पाहून ठरतात, म्हणून तेथे प्रजातीवरच थांबावे, आणि पानासारख्या शैवाकांना ‘पानासारखे, राखाडी, कडेला भुकटी’ असे वर्णनात्मक नाव दिले तरी मोजणीचे काहीही बिघडत नाही, फक्त सगळ्या झाडांसाठी तेच नाव कायम ठेवावे.

छायाचित्रे प्रत्येक वेळी तीन घ्यावीत: पूर्ण खोड, फूटपट्टीसह मधला भाग, आणि भिंगातून जवळचे. कोळ्यासाठी शेपट्यांचे टोक आणि डोळ्यांचा उंचवटा स्पष्ट यायला हवा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना कोळी आणि शैवाक एकाच छायाचित्रात असले तरी दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात. शैवाकांच्या बाबतीत पुढे जायचे असेल, तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांचा मोठा नमुनासंग्रह आहे आणि मुंबईत कोळ्यांसह एकूण निसर्गअभ्यासासाठी १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. अशा ठिकाणी विचारणा करताना नमुना नेण्याऐवजी छायाचित्रे आणि वहीतील पाने न्यावीत. उद्यानातील झाडांची मोजणी एका दिवसापुरती न राहता दरवर्षी व्हायची असेल, तर वन खात्याकडे अभ्यासासाठीचा लेखी अर्ज पावसाळ्याच्या पुष्कळ आधी करावा आणि त्यासोबत निवडलेल्या झाडांची यादी व चौकटीचे रेखाटन जोडावे.